कोपरा लिहीत आहे

‘घुबड’चं उत्तर आलं. ‘विदूषक’चं आलं. ‘वाटाणा’चं चुकीचं का होईना, पण आलं. ‘कोपरा’ या नावाखाली मात्र दोनच शब्द उमटले, विझले, पुन्हा उमटले. लिहीत आहे. मग काहीच नाही. मग पुन्हा, लिहीत आहे.

बाईंनी घड्याळाकडे पाहिलं. चार वाजून बावीस मिनिटं झाली होती. त्यांनी घुबडचं उत्तर सगळ्यांना दाखवलं, खाली ‘शाबास’ लिहिलं आणि पुढचं गणित फळ्यावर टाकलं. फळा म्हणजे तरी काय, संगणकाच्या पडद्यावरचा एक पांढरा चौकोन. त्याच्या उजवीकडे बारा नावांची यादी आणि हजर असलेल्या प्रत्येक नावाशेजारी एक हिरवा ठिपका. मुलांनी आपापली नावं आपणच ठेवलेली. खरी नावं कुणाची कुणाला ठाऊक नव्हती.

“आहे का तुझं ते भूत आज?” दारातून वन्संनी विचारलं.

बाईंनी मान हलवली. आहे.

“आणि बोललं काही?”

नाही.

“बाई गं,” वन्सं म्हणाल्या आणि चहाचा कप टेबलावर ठेवून पडद्याकडे न बघताच निघून गेल्या.

वन्सं म्हणजे बाईंची नणंद. टेलिफोनच्या एक्सचेंजमध्ये तीस वर्षं त्यांनी लोकांचे आवाज एकमेकांना जोडून दिले होते. लग्नाच्या भानगडीत त्या पडल्या नाहीत. भाऊ वारल्यावर वहिनीकडे चार दिवस म्हणून राहायला आल्या, त्या चार दिवसांना आता नऊ वर्षं झाली होती. आणि चार वर्षांपूर्वी, बाईंच्या घशातली गाठ काढताना डॉक्टरांनी स्वरयंत्रही काढून घेतलं, तेव्हापासून घरातलं बोलणं एकट्या वन्संच्या वाट्याला आलं होतं. “जन्मभर तूच बोललीस वहिनी, आता माझी पाळी,” असं त्या आल्यागेल्यासमोर म्हणत. त्यात चेष्टा किती आणि माया किती, हे बाईंना बरोबर कळे. त्या गळ्याशी बांधलेला पातळ रुमाल नीट करत आणि वहीत उत्तर लिहीत. घरभर अशा वह्या पडलेल्या असत, प्रत्येकीला दोरीने पेन्सिल बांधलेली.

चौतीस वर्षं बाईंनी शाळेत गणित शिकवलं. त्यांचा आवाज असा, की दोन वर्ग पलीकडची पोरं आपोआप त्यांच्याबरोबर पाढे म्हणायला लागत. ‘गप्प बसा’ म्हणून त्यांनी किती वेळा डस्टर टेबलावर आपटलं असेल, त्याची गणती नाही. वर्गाकडे जन्मभर त्यांनी जी शांतता मागितली, ती आता त्यांना मिळाली होती. बारा मुलं, आणि खोलीत पंख्याची घरघर नि कळफलकाची टकटक यांखेरीज काही नाही. टाचणी पडली तरी ऐकू यावं. आणि आता ती शांतता कधीकधी इतकी दाट होई, की बाई उगाच पाय हलवून खुर्ची करकरवत.

हा वर्ग चालवणारा त्यांचाच जुना विद्यार्थी. शाळेत त्याला सगळे ढोल्या म्हणत आणि आता तो काडीसारखा झाला होता. जी मुलं शाळेत जात नाहीत, घरीच आईवडिलांपाशी शिकतात, त्यांच्यासाठी त्याने हे वर्ग काढले होते. त्यात आवाज नाही, चित्र नाही, नुसती अक्षरं. बऱ्याच मुलांची घरं लांब आणि आडबाजूला असत. तिथवर आवाज पोचायचा नाही, पण अक्षरं पोचत. बाईंना भेटायला दवाखान्यात आला तेव्हा तो खाटेच्या कडेवर अवघडून बसला होता.

“बाई, माझ्या वर्गात आवाज लागतच नाही,” तो म्हणाला होता. “तुम्हीच या.”

बाईंनी वहीत लिहिलं होतं, ‘येते. पण पालकांना सांगू नकोस.’

“का बरं?”

‘आवाज नसलेली बाई म्हटलं की आधी कीव येते. गणित मागे राहतं.’

त्याने सांगितलं नाही.

सुरुवातीला वन्संचा या प्रकारावर काडीचा विश्वास नव्हता. “नुसत्या अक्षरांनी पोरं बसतात होय? समोर बाई नाही, आवाज नाही, खडूचा वास नाही. मी असते तर पळून गेले असते.”

‘तुम्ही आवाज असतानाही पळालात,’ बाईंनी लिहिलं होतं. वन्सं गणितात दोनदा नापास झाल्या होत्या.

पण मुलं बसत. नुसती बसत नसत, रमत. अक्षरांतूनही मुलं ओळखू येतात, हे बाईंना पहिल्या दोन आठवड्यांत कळलं. या सत्रातलं घुबड एकाच गणिताची तीन उत्तरं तीन रीतींनी पाठवायचं. विदूषकाचं उत्तर बरोबर असलं की आधी एक टुकार विनोद यायचा. वाटाण्याने तर सत्राच्या पहिल्याच दिवशी उत्तराऐवजी ओळीने बेडकांची चित्रं पाठवली होती, साठएक तरी असतील, आणि बाईंना त्याला बाजूला ठेवावं लागलं होतं. मुलांनी लिहिलेलं आधी फक्त बाईंना दिसे. त्यातलं निवडून त्या ‘दाखव’ दाबत, मग ते सगळ्यांच्या पडद्यावर जाई. त्यामुळे चुकलेल्या मुलाला कुणी हसत नसे. शाळेत असं असतं तर किती पोरं वाचली असती, असं बाईंच्या मनात येई.

फक्त कोपरा.

पहिला दिवस सोडला तर कोपरा रोज सगळ्यांच्या आधी येई. चारला दहा कमी असताना हिरवा ठिपका लागलेला असे. तासभर ते नाव लिहीत राही आणि एक अक्षर पाठवत नसे. लिहायचं नि खोडायचं, लिहायचं नि खोडायचं, असं मूल बाईंनी पाहिलं नव्हतं असं नाही. पण ते समोर असलं की त्याच्या हातातली पाटी घेता येते.

एकदा त्यांनी वर्ग चालू असतानाच त्याच्या एकट्याच्या कानात लिहिलं. यंत्रात तशी सोय होती. ‘आहेस का?’

लिहीत आहे, उमटलं. विझलं.

‘चुकलं तरी चालेल. पाठव.’

लिहीत आहे.

आठव्या आठवड्यात एक दिवस बाईंनी अजून गणित टाकलेलंही नव्हतं, टाकण्यासाठी नुसतं बोट उचललं होतं, आणि कोपरा लिहायला लागला. बाईंचं बोट तसंच राहिलं. मग त्यांनी हळूच मागे वळून पाहिलं. मागे भिंत होती, कपाट होतं, खुर्चीवर वन्संची शाल होती.

वर्ग संपला की मुलं भराभरा जात. अकरा ठिपके विझत, एक राही. बाईंना मुलांच्या आधी वर्गाबाहेर पडायची सवय नव्हती, म्हणून त्या बसून राहत. पलीकडेही कुणीतरी बसलेलं असे. पाच-पाच, दहा-दहा मिनिटं. ‘वर्ग संपला. जा आता,’ असं लिहिलं की थोड्या वेळाने ठिपका जाई. एका शुक्रवारी बाई न सांगताच उठल्या, वन्संबरोबर बाजारात गेल्या, भाजी आणली, दिवे लावले, आणि सहज म्हणून यंत्र उघडलं तर पांढऱ्या चौकोनाशेजारी तो हिरवा ठिपका तसाच होता.

बाईंनी वन्संना बोलावून तो दाखवला. वन्सं पदराने हात पुसत जवळ आल्या नि कितीतरी वेळ बघत राहिल्या.

“वहिनी,” त्या खालच्या आवाजात म्हणाल्या, “एक्सचेंजमध्ये असं व्हायचं. लाइन लागायची, पलीकडे कुणी नसायचं, पण कुणीतरी आहे हे कळायचं. मी मेली सगळ्यांना हॅलो हॅलो करून सोडायची. पण अशी एखादी लागली ना, की बोलायचीच नाही. काढून टाकायची पिन.” मग त्यांनीच स्वतःला सावरलं. “पोर झोपलं असेल यंत्र चालू ठेवून. चल, जेव.”

सत्र संपत आलं तसा ढोल्याचा फोन आला. तो नेहमी वन्संच्या फोनवर करी. वन्सं तो टेबलावर मोठ्या आवाजात ठेवत आणि बाईंनी लिहिलेलं वाचून दाखवत, त्यात आपल्या पदरचे चार शब्द घालत.

“बाई, तेवढा तक्ता पाठवा ना. पालक सारखं विचारतायत, नुसत्या अक्षरांत मुलं रमतात का म्हणून. प्रत्येक नावापुढे लिहायचं, रमतं किंवा रमत नाही.”

‘कोपऱ्यापुढे काय लिहू?’

“वहिनी विचारतायत, त्या मुक्यापुढे काय लिहायचं. मला विचारशील तर आधी तिथे माणूस आहे का ते बघ बाबा.”

ढोल्या हसला. “अकरा आठवडे तोंडात मूग गिळून बसलंय म्हणजे रमत नाही, बाई. आणि बाहेर नऊ मुलं वाट बघतायत जागेची. तुम्ही लिहाल ते खरं. तुमचा शेरा म्हणजे काय, आम्ही जन्मभर घाबरलोय त्याला.”

चौतीस वर्षांत बाईंनी एकही खोटा शेरा लिहिला नव्हता. मुख्याध्यापकांच्या मुलाच्या प्रगतिपुस्तकावरही नाही. त्या दुपारी त्या तक्त्यापुढे बराच वेळ बसल्या. अकरा नावांपुढे त्यांनी ‘रमतं’ लिहिलं. बाराव्यापुढे ‘रमत नाही’ लिहिलं आणि पाठवून दिलं.

नव्या सत्राच्या पहिल्या दिवशी कोपरा यादीत नव्हता. त्याच्या जागी ‘दोरी’ नावाचं नवीन मूल आलं होतं आणि चुरूचुरू उत्तरं पाठवत होतं. वर्ग अगदी सुरळीत चालला. चारला दहा कमी असताना मात्र बाई यंत्र उघडून बसल्या होत्या, आणि यादी रिकामी होती.

त्याच आठवड्यात विदूषकाचा वाढदिवस आला आणि वाटाण्याने त्याला म्हणून पुन्हा बेडूक पाठवायला सुरुवात केली. एकामागून एक बेडूक पडद्यावर चढत गेले. बाईंना हसू आलं. मग त्या थांबल्या. वाटाण्याला तर आपण पहिल्याच दिवशी बाजूला ठेवलं होतं. बाजूला ठेवलेल्या मुलाने लिहिलेलं बाईंच्या समोर येत नाही, ते एका वेगळ्या पेटीत साठतं. मग वाटाण्याची उत्तरं इतके दिवस समोर येतायत कशी?

वर्ग संपेपर्यंत त्यांनी कसाबसा धीर धरला. सगळे ठिपके विझल्यावर त्यांनी पेटी शोधून काढली. वर लिहिलं होतं, बाजूला ठेवलेले, एकूण ४१२. सगळ्यांपुढे एकच नाव होतं, कोपरा.

पहिला दिवस त्यांना हळूहळू आठवला. बेडूक येत होते. त्यांनी वाटाण्याच्या नावापुढचं ‘बाजूला ठेव’ दाबायला बोट नेलं, आणि नेमक्या त्याच क्षणी कुणीतरी उशिरा वर्गात आलं. नवं नाव यादीत सगळ्यात वर येतं आणि बाकीची सगळी एकेक पायरी खाली सरकतात. वाटाणा खाली सरकला. त्याच्या जागी त्याच्या वरचं नाव आलं, कोपरा. बेडूक थांबले, कारण वाटाण्याच्या आईने त्याच वेळी त्याचा कान धरला असावा. बाईंना वाटलं, आपण दाबलं ते लागू पडलं.

त्या वाचू लागल्या.

‘६.’ ‘२४.’ ‘उत्तर ९, बाकी १.’ ‘बाई मला येतं.’

‘माझं पण घुबडचंच उत्तर होतं.’

‘आई म्हणते इथे वारा जास्त सुटला की अक्षरं उशिरा पोचत असतील. म्हणून बाई दुसऱ्यांची घेतात.’

‘उशिरा पोचतं म्हणून मी आता गणिताच्या आधीच लिहून ठेवते. आज पहिलं उत्तर १४ असेल.’ बाईंनी त्या दिवसाचा वर्ग काढून पाहिला. पहिलं उत्तर १४ होतं. हाताखालच्या टेबलाचा गारवा त्यांना एकदम जाणवला.

‘आहेस का?’ असं बाईंनी ज्या दिवशी विचारलं होतं, त्या दिवशी पेटीत ओळीने लिहिलेलं होतं. ‘आहे.’ ‘मी आहे.’ ‘बाई मी आहे.’ ‘दिसत नाही का?’

नवव्या आठवड्यापासून लिहिण्याची तऱ्हाच बदलली होती. फळ्यावर बाई जसं लिहीत, तसंच हुबेहूब ते मूल लिहायला लागलं होतं. ‘कोपरा म्हणते, उत्तर ३५. बरोबर. शाबास कोपरा.’ ‘आता कोण सांगेल? कोपरा सांगेल.’ ‘छान. पुढचं गणित.’ ओळींमागून ओळी होत्या. तो आपलाच वर्ग होता, आपलेच शब्द होते, आणि त्यात आपण नव्हतो. बाईंना आपल्याच घराच्या खिडकीतून आत डोकावून पाहिल्यासारखं झालं.

मधेच एक ओळ होती. ‘बाई, चौथ्या गणितात चूक आहे. ८६ पेन्सिली ७ जणांना वाटल्या तर ३ उरत नाहीत. २ उरतात.’ बाईंनी मनातल्या मनात भागून पाहिलं. सात बारे चौऱ्याऐंशी. दोनच उरतात. त्यांनी फळ्यावर तीन लिहिलं होतं आणि अकरा मुलांनी ते मुकाट्याने मान्य केलं होतं.

शेवटचा निरोप सत्राच्या अखेरच्या दिवसाचा होता. ‘आई म्हणाली तक्ता आला. मी रमत नाही असं लिहिलंय. मी रमते.’

वन्सं आत आल्या तेव्हा बाई पडद्यासमोर तोंड उघडून बसल्या होत्या. माणूस ओक्साबोक्शी रडताना जसा दिसतो तशा दिसत होत्या, फक्त आवाज नव्हता.

ढोल्याला सगळं कळलं तेव्हा त्याने आधी ती पेटी स्वतः उघडून पाहिली. मग म्हणाला, “बाई, यंत्राची चूक आहे ही. तुमची नाही.”

‘बोट माझं होतं,’ बाईंनी लिहिलं. ‘पत्ता दे.’

ते मूल म्हणजे नऊ वर्षांची मुलगी होती. तिची आई एका उंच माळावरच्या हवामान केंद्रात नोकरीला होती. दिवसातून तीनदा वाऱ्याचा वेग आणि हवेचा दाब नोंदवायचा आणि पुढे कळवायचा, हे तिचं काम. आसपास दुसरं घर नाही, शाळा तर नाहीच. बाईंनी आईला पत्र पाठवलं, सगळं जसं झालं तसं लिहून. चारशे बारा निरोपांत तीनशे चाळीस उत्तरं आहेत आणि त्यातली तीनशे अठ्ठावीस बरोबर आहेत, हेही लिहिलं. ढोल्याने तेरावी जागा काढली आहे, तिला पाठवा, असं लिहिलं.

दोन दिवसांनी आईचं उत्तर आलं. वन्संनी ते मोठ्याने वाचलं.

‘आदरणीय बाई, तुमचं पत्र मी तिला वाचून दाखवलं. तुमच्याबद्दल माझ्या मनात राग नाही. पण ती यंत्रापुढे बसायला तयार नाही. ती म्हणते, बाई वगैरे कुणी नसतं, ते यंत्रच आपलं आपण लिहितं, आणि हे पत्रही त्यानेच लिहिलंय. गेले काही दिवस ती मला सारखं विचारते, आई, मी तुला दिसते ना? कामात असले आणि एकदम ओ दिली नाही तर घाबरते. तुम्ही एकदा तिच्याशी फोनवर बोलाल का? केंद्राचा फोन आहे. माणसाचा आवाज ऐकला की तिची खात्री पटेल.’

वन्सं वाचायच्या थांबल्या. दोघींनी एकमेकींकडे पाहिलं नाही.

“मी बोलते तुझ्या नावाने,” वन्सं म्हणाल्या. “तिला काय कळतंय. दोन शब्द गोड बोलीन. तीस वर्षं तेच केलंय मी.”

बाईंनी मान हलवली. वही ओढून लिहिलं, ‘नाही. एकदा फसवलं तेवढं पुरे.’

“मग काय सांगू?”

‘खरं ते.’

“वहिनी, उद्या सगळ्या पालकांना कळेल. चार वर्षं झाकून ठेवलंस.”

बाईंनी आधी लिहिलेल्या शब्दांवर पेन्सिलीचं टोक ठेवलं. खरं ते.

सकाळी दहाला वन्संनी नंबर फिरवला. पलीकडे आईचा आवाज आला, मागे वाऱ्याची शीळ. “थांबा हं, बोलावते. अगं ये, बाईंचा फोन आहे. ये ना बाळा.” मग पावलं वाजली, आणि फोन कुणीतरी हातात घेतला. पण बोललं कुणी नाही. बाई टेबलाशी सरसावून बसल्या. ती शांतता त्यांच्या ओळखीची होती.

“कोण, कोपरा का?” वन्संनी विचारलं.

“हो.” आवाज बारीक, पण घोगरा होता.

“मी बाई नाही हं. मी त्यांची नणंद. त्या इथे माझ्या शेजारीच बसल्यात. पण त्यांना बोलता येत नाही. घशाचं ऑपरेशन झालं ना, आवाज गेला त्यांचा.”

पलीकडे बराच वेळ नुसता वारा होता.

“म्हणजे नाहीतच त्या,” मुलगी म्हणाली.

“आहेत गं! अशा डोळे वटारून बघतायत माझ्याकडे.”

“तुम्हीच लिहीत असाल.”

“मी? अगं मला सातापुढे पाढे येत नाहीत, मी कसली गणितं घालते!”

मुलगी हसली नाही. आता ती फोन ठेवणार, हे बाईंना तिच्या श्वासावरून कळलं. वर्गात मूल रडायच्या आधी एक श्वास असाच आत घेतं. बाईंनी वहीची पेन्सिल उचलली आणि फोनच्या अगदी जवळ टेबलावर एकदा ठक् केलं.

“ते काय वाजलं?”

“त्याच,” वन्सं म्हणाल्या, आणि त्यांचाही आवाज कसानुसा झाला.

“आई,” फोनपासून तोंड वळवून मुलगी म्हणाली, “कुणीतरी वाजवतंय.” मग पुन्हा फोनमध्ये, हळू, जणू अंधाऱ्या खोलीत विचारावं तसं, “बाई, आहात का?”

ठक्.

“बारातून पाच गेले?”

बाईंनी सात वेळा वाजवलं. पलीकडून ओठांतल्या ओठांत मोजणं ऐकू आलं.

“हे तुमच्या नणंदेलाही येत असेल,” मुलगी म्हणाली.

“येतं हो,” वन्सं पुटपुटल्या.

“शहाऐंशी पेन्सिली सात जणांना वाटल्या. किती उरल्या?”

बाईंनी पेन्सिल घट्ट धरली. एकदा वाजवलं. दुसऱ्यांदा वाजवलं. आणि हात मागे घेतला.

मुलगी तिसऱ्याची वाट बघत राहिली. ते आलं नाही.

“मग वर्गात तीन का लिहिलंत?”

बाईंनी वहीत लिहून वही वन्संपुढे केली. वन्संनी या वेळी आपल्या पदरचा एकही शब्द घातला नाही. “बाई म्हणतायत, चुकलं माझं.”

वारा थोडा पडला होता. पलीकडे खुर्ची सरकल्याचा आवाज आला. मुलगी फोनजवळ बसली असावी.

“अजून एक विचारू?”

ठक्.

“चौऱ्याऐंशी पेन्सिली सात जणांना वाटल्या. उरल्या किती?”

बाईंनी पेन्सिल टेबलावर आडवी ठेवली आणि दोन्ही हात मांडीवर घेतले.

खोलीत कसलाही आवाज नव्हता. वन्सं अस्वस्थ झाल्या. फोन बंद पडला असं पोरीला वाटेल, म्हणून हॅलो म्हणायला त्यांनी तोंड उघडलं. बाईंनी त्यांच्या मनगटावर हात ठेवला. तारेतून वारा येत राहिला. एक क्षण गेला, आणखी एक गेला, आणि दोन्हीकडची माणसं त्या शांततेत कान देऊन बसून राहिली.

“बरोबर,” मुलगी म्हणाली.